जळालेली कॉइल वाचताना

जळालेली मोटर दुकानात आली की शेतकरी पहिल्यांदा विचारतो, "कधी देणार?" उसाची पाण्याची पाळी चुकलेली असते, त्याची घाई मला समजते. तरी मोटर खोलून वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची गुंडाळी, डोळ्यांनी बघेपर्यंत मी वार सांगत नाही. मोटारीच्या तीन फेज आतून जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. स्टार कनेक्शनची मोटर असेल, दोन फेजच्या कॉइलींचा कोळसा झालेला असेल आणि तिसरी फेज नव्यासारखी तांबूस असेल, तर एक फेज गेली होती आणि बिचारी मोटर उरलेल्या दोनांवर ओढत राहिली होती. डेल्टा असेल तर उलट, एक फेज जळते आणि दोन वाचतात. सगळं वाइंडिंग सारखंच काळं पडलेलं असेल तर लोड जास्त झाला किंवा व्होल्टेज कमी मिळालं. एकाच स्लॉटच्या, म्हणजे तार बसते त्या खाचेच्या, तोंडाशी तार वितळून तिचा मणी झाला असेल, तर तिथला इन्सुलेशन पेपर फाटला होता. कारण न बघता नवी तार भरून दिली तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात, मोटर परत जळते, आणि त्या दिवसांत ऊस वाळतो तो वेगळाच. मला हे काम शिकवणारे उस्ताद नव्या पोराच्या हातात पहिले सहा महिने तार देत नसत. जळालेल्या मोटारी खोलायला लावत आणि विचारत, "सांग, कशानं गेली?"

निपाणीत माझं रिवाइंडिंगचं दुकान आहे. वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठावरच्या मोटारी इथे येतात, चिकोडी-संकेश्वरकडच्या येतात, कागलकडूनही येतात. कन्नड बोलणाऱ्याशी कन्नडमधून आणि मराठी बोलणाऱ्याशी मराठीतून बोलायचं, बिल ज्याला कळेल त्या भाषेत सांगायचं, हे आमच्या भागात कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. कामाबद्दल मी एरवी लिहीत नाही. पण भाच्याच्या एका कॉइलीने मला गेली दोनेक वर्षं विचारात ठेवलं आहे, आणि ते सगळं एकदा सलग मांडावंसं वाटतं.

भाचा म्हणजे माझ्या ताईचा धाकटा. ताई बेळगावात, वडगावला राहते. पोरगा लहानपणी मे महिन्यात निपाणीला आला की दिवसभर दुकानात बसायचा, भंगारातल्या स्टेटरमधून, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागातून, तांब्याची तार सोडवायचा आणि तिची भेंडोळी करून ठेवायचा. पुढे शिकायला इंग्लंडला गेला, आणि आता लेस्टरजवळ एका मोठ्या गोदामात नोकरीला आहे. सिगारेट त्याला कॉलेजातच लागली होती, तिथल्या थंडीत आणि एकटेपणात ती वाढली. ती सुटावी म्हणून त्याने व्हेप घेतला, म्हणजे तापलेल्या कॉइलीवर निकोटिनच्या द्रवाची वाफ करून ओढायचं सेलवरचं यंत्र, आणि त्यातही स्वतः कॉइल गुंडाळून बसवायची असते तो प्रकार घेतला. ताईला यातलं काही माहीत नव्हतं. मला त्याने सांगितलं, कारण त्याचं काम माझ्याकडेच होतं.

व्हॉट्सॲपवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, "मामा, ही कॉइल बघा की जरा. चार दिवस पण टिकत नाही. तार बदलून झाली, कापूस बदलून झाला, तरी करपट लागतंय."

तीन मिलिमीटरच्या आसाभोवती तारेचे सहा फेरे. करंगळीच्या नखावर मावेल एवढी वस्तू. पितळी पायावर दोन खांब, त्यांत स्क्रूखाली दाबलेले तारेचे दोन पाय, आणि फेऱ्यांच्या पोटातून आरपार गेलेला कापूस. फेऱ्यांवर डांबरासारखा थर साचला होता आणि मधला कापूस तपकिरी पडला होता. त्या यंत्राबद्दल मला प्रेम नव्हतं, आजही नाही. पण कॉइल कॉइलच असते. मी त्याला लिहिलं, "फेकू नकोस. चांगल्या उजेडात धर, वरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो पाठव. आणि तार कुठली ते सांग."

मोटारीत आम्ही वापरतो ते तांबं. तिथे सगळा खटाटोप तार तापू नये म्हणून असतो. याच्या कॉइलीत तार तापावी म्हणूनच वीज सोडतात, त्यामुळे धातू वेगळा लागतो. नायक्रोम मला ठाऊक होतं. जुन्या विजेच्या शेगडीतली स्प्रिंग त्याचीच असायची, ऐंशी टक्के निकेल आणि वीस टक्के क्रोमियम. अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाला १९०६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि घराघरांतल्या इस्त्र्या, टोस्टर, शेगड्या त्यावर चालू झाल्या. भाच्याकडे होती ती कँथल, म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू, मूळचा स्वीडनचा. तांब्याच्या तुलनेत तिचा रोध ऐंशीपटीहून जास्त. आणि तिचा एक गुण मला फार आवडला. आमच्या तारेवर इनॅमल चढवलेलं असतं, वर आम्ही वाइंडिंगला वॉर्निश पाजतो, तेव्हा कुठे एक फेरा दुसऱ्यापासून वेगळा राहतो. कँथल उघडी असते, फेऱ्याला फेरा चिकटवून गुंडाळतात, आणि पहिल्यांदा लाल केली की तिच्यातलं ॲल्युमिनियम हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर पातळ थर धरतं. तोच तिचं इन्सुलेशन. तार स्वतःचं वॉर्निश स्वतःच करते, हे मी दुकानातल्या पोरांनाही सांगितलं.

गेजच्या, म्हणजे तारेच्या जाडीच्या आकड्याच्या, बाबतीत आधी एक गोष्ट नीट करून घ्यावी लागली. तो म्हणे अठ्ठावीस गेज. आम्ही मोजतो ती एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश पद्धत, तिच्यात २८ गेज म्हणजे ०.३७६ मिलिमीटर. व्हेपवाले मोजतात ती एडब्ल्यूजी, म्हणजे अमेरिकन पद्धत, तिच्यात २८ म्हणजे ०.३२. कागदावर एकच आकडा, पण एका मीटरच्या रोधात जवळपास चाळीस टक्क्यांचा फरक. तेव्हापासून आम्ही दोघं मिलिमीटरमध्येच बोलतो. मी त्याला ०.४० ची तार घ्यायला लावली. ती कँथल मीटरला साधारण सव्वाअकरा ओहम भरते. तीन मिलिमीटरवर सहा फेरे आणि दोन पाय धरून साडेसात सेंटिमीटर तार लागते, म्हणजे पाऊण ओहमच्या थोडं वर. अशा दोन कॉइली समांतर बसवल्या तर रोध निम्मा होतो, आणि भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट मिळाले तर दहा अँपियरच्या आसपास करंट जातो. बोटभर सेलमधून दहा अँपियर. आमच्याकडे पाच एचपीची थ्री फेज मोटर साधारण सात-आठ अँपियर घेते. व्होल्टेजमध्ये शंभरपटीचा फरक आहे हे खरं, पण करंट हा करंटच असतो, तो ढिल्या स्क्रूला माफ करत नाही. म्हणून कॉइल बसवली की बटण दाबण्याआधी रोध मोजायचा, आकडा हलत असेल तर स्क्रू परत आवळायचा, आणि सेलच्या प्लास्टिकला चीर दिसली तर तो सेल त्या दिवशीच बाद करायचा, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. खिशातल्या लिथियमच्या सेलशी हयगय करणारा माणूस मला बघवत नाही.

मग व्हिडिओ कॉलवर त्याने नवी कॉइल गुंडाळली. कापूस न घालता थोड्या वॅटवर हलकेच बटण दाबलं. दोन्ही टोकांचे फेरे आधी लाल झाले आणि मधले काळेच राहिले. "थांब," मी म्हटलं, "पाय लांब राहिलेत आणि पकड ढिली आहे. उष्णता तिथेच खर्च होते." त्याने पाय आखूड केले, स्क्रू आवळले, आणि सिरॅमिकच्या चिमट्याने फेऱ्यांवरून सतारीच्या तारेवर फिरवावं तसं अलगद फिरवलं. परत बटण, परत चिमटा. चार-पाच वेळा असं केल्यावर लाली मधून उगवली आणि दोन्ही बाजूंना सारखी पसरत गेली. ते बघताना मला जो आनंद झाला तो नवी मोटर पहिल्यांदा आवाज न करता उचलते तेव्हा होतो तोच. लेस्टरच्या खोलीत पोरगंही हसत होतं. त्याच्या हातात लहानपणीची सवय शिल्लक होती. फेरा ओढताना तो अंगठ्याने ताण धरत होता, आणि हे आमच्या दुकानातलंच.

कापसाचं गणित वेगळं. तो द्रव कॉइलीपर्यंत आणतो, आणि ओला आहे तोवरच वाचतो. समईत वात जाड वळली तर तेल वर चढत नाही, तसंच हे. दाबून भरला की द्रव अडतो आणि मधोमध कोरडं पडून करपतं, सैल ठेवला की खालून गळतं. फेऱ्यांतून ओढताना किंचित अडखळावा आणि तार हलू नये, एवढाच. द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात वास आणि निकोटिन. ओली कॉइल द्रवाच्या उत्कलनापाशीच थबकते, कारण उष्णता वाफ करण्यात जाते. द्रव संपला की तिला अडवणारं कुणी नाही. मग कापूस जळतो, ग्लिसरीन फुटून ॲक्रोलीन तयार होतं, फॉर्माल्डिहाइड तयार होतं. घशाला टोचणारी ती करपट चव शरीराने दिलेली सूचना आहे, तिच्यावर आणखी एक झुरका मारून बघायचा नसतो. आणि तारेतला धातूही पूर्ण तारेत राहत नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वापरातल्या यंत्रांच्या वाफेत निकेल, क्रोमियम, शिसं सापडलं, आणि कॉइलीशी संपर्कात येण्याआधीच्या द्रवात ते फारच कमी होतं. हे मी त्याला वाचून दाखवलं. जुनी, खड्डे पडलेली तार घासून पुसून चालवत बसण्यात काटकसर नाही, हे त्याला तेव्हा पटलं.

साफसफाई मात्र जमते, आणि ती करायलाच हवी. कापूस काढून टाकायचा, कमी वॅटवर छोटे छोटे ठोके देत वरचा थर राख होऊ द्यायचा, पूर्ण निवू द्यायची, मऊ ब्रशने झाडून पाण्याखाली धरायची, वाळवायची, रोध मोजायचा, नवा कापूस. कँथल आणि नायक्रोमला हे सोसतं. टायटॅनियमची तार लाल करायची नाही, तिच्यावरचा ऑक्साइड फुफ्फुसात जाण्याजोगा नसतो. रोध पहिल्या मोजणीपासून सरकला, किंवा चिमट्याखाली तार कटकन मोडेल अशी वाटली, की नवी गुंडाळायची. साडेसात सेंटिमीटर तारेला किंमत ती काय असणार?

एवढं सगळं नीट करूनही कॉइल पाच दिवसांत काळी होत होती.

थर काळा आणि चकचकीत होता, म्हणजे द्रवातली गोडी जळत होती. असल्या द्रवांत सुक्रालोज घालतात, ते तारेवर पाकासारखं धरतं. त्याने गोड वास सोडून साधा घेतला, थर कमी झाला. पण मधल्या तीन फेऱ्यांखालचा कापूस तसाच करपत राहिला, टोकांचा मात्र पांढरा. वात बरोबर होती, तार बरोबर होती, वॅट बरोबर होते. मोटारीच्या बाबतीत इथवर आलो की मी शेतकऱ्याला विचारतो, मोटर चालते कधी आणि किती वेळ? भाच्यालाही तेच विचारलं. "दिवसभरात सारखा ओढतोस, की एकदम?"

तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, मी आता रात्रपाळीलाच असतो. दोन वाजता ब्रेक मिळतो. तेवढ्यात बाहेर जाऊन सलग ओढतो. परत सकाळपर्यंत मिळत नाही ना."

कापसाला परत भिजायला वेळ लागतो. दोन झुरक्यांत अर्धा मिनिट गेला तरी पुरतं, याच्या ब्रेकमध्ये तेवढाही जात नव्हता. जळण्याचं कारण तारेत नव्हतंच. कडाक्याच्या थंडीत, गोदामाच्या मागच्या दाराशी, अख्ख्या रात्रीची भूक दहा मिनिटांत भागवणारं पोर मला त्या करपलेल्या कापसात दिसलं. ताईला तो सांगत होता की दिवसपाळी आहे, सगळं बरं चाललंय. त्या दिवसापासून आमचं बोलणं कॉइलीपुरतं राहिलं नाही. त्याच्या ब्रेकची वेळ म्हणजे आमच्याकडची सकाळ, उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. मी दुकानात जायच्या आधी फोन लावतो. बोलता बोलता झुरक्यांमध्ये आपोआप अंतर पडतं, आणि कॉइल आता आरामात टिकते.

निकोटिनच्या बाबतीत मी निपाणीचा माणूस आहे, हे इथे सांगायला हवं. आमचं गाव विडीच्या तंबाखूवर उभं राहिलं. माझी आई वखारीत तंबाखू चाळायला जायची. तोंडाला पदर गुंडाळून बायका बसायच्या आणि घरी आली की तिच्या लुगड्यातून, केसांतून, हातांच्या रेषांतून तो उग्र वास यायचा. तिने आयुष्यात विडी ओढली नाही, तंबाखू मळली नाही, तरी ती रोज तिच्या अंगात जात होती. शेवटची काही वर्षं तिचा खोकला रात्रभर थांबत नसे. दव पडलेल्या रानात तंबाखू खुडणाऱ्या माणसांना मळमळ, उलट्या, गरगर होते, हे आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. ओल्या पानातलं निकोटिन पाण्यात उतरतं आणि कातडीतून रक्तात जातं. म्हणून जेव्हा भाच्याने सांगितलं की तो मोठ्या बाटलीत निकोटिनच्या छोट्या बाटल्या स्वतः ओतून मिसळतो, तेव्हा माझा पहिला शब्द होता, "हातमोजे घाल." त्याला आजीचं आठवलं. इंग्लंडात एका मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमच्या वर निकोटिन विकता येत नाही, बाटली दहा मिलिलिटरपेक्षा मोठी नसते, पण त्वचेला एवढंही पुरेसं असतं.

आणि याच गावात १९८१ च्या मार्चपासून शेतकरी तंबाखूला भाव मिळावा म्हणून महामार्गावर ठाण मांडून बसले होते, शरद जोशी त्यांचे नेते होते, आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन १२ शेतकरी मेले. मी तेव्हा शाळेत होतो. गावावर पसरलेली ती शांतता मी विसरू शकत नाही. तंबाखूला नुसतं विष म्हणून हात झटकणारे लोक भेटले की मला ती माणसं दिसतात, आणि तंबाखूने काही होत नाही म्हणणारे भेटले की आईचा खोकला ऐकू येतो. मला दोन्ही बाजूंचं धरून बोलावं लागतं.

मध्यंतरी बेळगावहून एक कॉलेजचा पोरगा दुकानात आला. खिशातून तसलंच यंत्र काढून म्हणाला, "याची कॉइल करून द्या की." मी नाही म्हटलं. कर्नाटकाने हे २०१६ मध्येच बंद केलं होतं, आणि १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने, मग त्याच वर्षीच्या कायद्याने, देशभर ते बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, त्याची जाहिरात करणं हा गुन्हा झाला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, नुसता साठा सापडला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायद्याच्या भीतीने मी नाही म्हटलं असं नाही. त्या पोराने कधी सिगारेट ओढलीच नव्हती. त्याने सुरुवातच याने केली होती. माझा भाचा एक गोष्ट सोडायला दुसऱ्या गोष्टीकडे गेला, हा काही सोडायला आला नव्हता. इंग्लंडची आरोग्यसेवा धूम्रपान सोडू बघणाऱ्या मोठ्या माणसाला हे वापर म्हणते आणि न ओढणाऱ्याला याच्या जवळ जाऊ नकोस म्हणते. ते म्हणणं मला रास्त वाटतं. आमच्या इथल्या कॉलेजबाहेरच्या टपरीवर मात्र हे कधीही येऊ नये. तिथे विडी-सिगारेट उघड मिळते याचं दुःख मला आहेच, त्यात भर नको.

एकदा वापरून फेकायचे व्हेप इंग्लंडात १ जून २०२५ पासून विकायला बंदी आली. भाच्याच्या सोबतची पोरं तेच ओढायची आणि चांगला लिथियमचा सेल आत असताना कचऱ्यात टाकायची. मला त्या वस्तूचा राग वाटतो तो कचऱ्याइतकाच दुसऱ्या कारणाने. ती उघडत नाही. आत काय जळलं, कुठे जळलं, ओढणाऱ्याला दिसतच नाही, चव बिघडली की तो नवी घेतो. भाच्याला दर आठवड्याला स्वतःच्या हाताने तो काळा कापूस बाहेर काढावा लागला, दिव्याखाली धरावा लागला, मला दाखवावा लागला. त्याने निकोटिन मिलिलिटरला बारा मिलिग्रॅमवरून सहा, आणि सहावरून तीन केलं, ते कुणी सांगितलं म्हणून नाही. एका रात्री तोच म्हणाला, "मामा, बारावरचा कापूस आणि सहावरचा कापूस सारखाच घाण होतो. मग कमीच घेतो." तीनवर येताना त्याने पहिले काही दिवस जास्त झुरके ओढले, शरीर तेवढी भरपाई करू बघतं. मी त्याला वॅट वाढवू दिले नाहीत. दोन आठवड्यांत ते बसलं.

ताईला आता माहीत आहे. त्यानेच सांगितलं, रात्रपाळीसकट. ती माझ्यावर चिडली, तिच्या आधी मला कळलं म्हणून, आणि मग फोनवर बराच वेळ रडली. तिचं म्हणणं एकच, ते सगळं बंद कर आणि घरी ये. मी तिला म्हटलं, उतरत्या पायरीवरच्या माणसाला ओढू नये.

यंदा दिवाळीला तो येणार आहे. यंत्र, तार, कापूस सगळं लेस्टरच्या कपाटात ठेवून येणार, इथे आणायचं नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. शून्य निकोटिनची बाटली त्याने आणून ठेवली आहे, अजून उघडलेली नाही. इथल्या तीन आठवड्यांत त्याचे हात रिकामे राहू नयेत म्हणून मी साडेसात एचपीच्या एका जुन्या मोटारीचं काम बाजूला ठेवलं आहे. मालकाला घाई नाही, त्याच्याकडे दुसरी आहे. वाइंडिंग एका बाजूला जळलंय, कारण मला कळलंय, पण मी कुणाला सांगितलेलं नाही. पोरगा आल्यावर त्यालाच खोलायला लावणार आहे.